वाटणाऱ्याचं पाणी

पाटातला गाळ काढायच्या दिवशी प्रत्येक घरातलं एक माणूस फावडं घेऊन यावं लागतं. आमच्या घरातून मी गेले. बाबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांचं फावडं मला उंचीला मोठं पडत होतं, पण दुसरं घरात नव्हतं.

बायांनी मला जागा करून दिली. जवळ मात्र कुणी सरकलं नाही. दुःखातल्या माणसाजवळ उभं राहायचं लोकांच्या जिवावर येतं, आणि त्या दुःखाला आपलाही हात लागलेला असेल तर नजरसुद्धा चिखलातच ठेवावी लागते. टोकाची मावशी तर पार पलीकडच्या काठाला जाऊन खणत होती. तिचं रान पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला, म्हणून तिचं नाव तसं पडलं होतं. कधी नव्हे ती त्या दिवशी ती एकदाही पाठ सरळ करायला थांबली नाही.

काठावर पाणी समितीच्या अध्यक्षांचा भाचा उभा होता. बाबांना कामावरून काढल्यापासून पाटाचं दार त्याच्या ताब्यात होतं. दार म्हणजे पाटाच्या मुखाशी असलेली लोखंडी फळी. वर चाक, आणि चाकात अडकवून फिरवायचा हातभर लांबीचा दांडा. हा दांडा ज्याच्याकडे, तो पाटकरी. भाच्यानं पाण्याच्या मागच्या पाळीला दार सताड उघडं टाकून दुपारची झोप काढली होती, त्यात काठ फुटून निम्मी माती पाटात आली होती. तीच माती आम्ही उपसत होतो, आणि तो आम्हाला नीट उपसा म्हणून सांगत होता.

माझी काकू तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "भाचेबुवा, झोप झाली असेल तर उतरा खाली. तुमच्याच घोरण्यानं काठ पडला म्हणतात."

बाया हसल्या. भाचा लाल झाला. त्यानं काकूच्या सात पिढ्या काढल्या, काकूनं त्याची एकच काढली पण नीट काढली. लोहारकाका म्हणाले, जावईपण आणि भाचेपण घरात शोभतं, पाटावर नाही. शेवटी त्यानं कमरेचा दांडा उपसला आणि चिखलात फेकला. "फिरवा तुम्हीच. मला काय हौस आहे लोकांच्या शिव्या खायची." आणि मोटारसायकल काढून तो निघून गेला.

दांडा चिखलात रुतला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि कुणी वाकत नव्हतं. मी वाकले, दांडा उचलला, पदराला पुसला.

काकू हळूच म्हणाली, "ठेव गं तो खाली. त्यानं तुझा बाप खाल्ला."

मी म्हटलं, "म्हणूनच घेतलाय."

खरं तर मी आठवड्याभराच्या रजेवर आले होते. तालुक्याच्या शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवते. दुसऱ्याकडून आपल्याला हवं ते करवून घेण्याची ताकद म्हणजे सत्ता. ती ताकद योग्यच आहे असं वाटायला लावते ती विचारसरणी. आणि ती रोज उठून राबवते ते शासन. मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मी त्यावरची जाडजूड पुस्तकं वाचली होती. बाबांनी त्यातलं एकही वाचलं नव्हतं. त्यांना मी एकदा हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "एवढं कशाला? जो वाटतो त्यानं शेवटी घ्यावं. मग बाकीचं आपोआप नीट होतं."

तो आमच्या गावचा जुना नियम. पाणी मुखापासून खाली जायचं, जमिनीच्या मापानं प्रत्येकाला पाळी मिळायची, आणि सगळ्यांचं भिजलं की मगच वाटणाऱ्याचं रान. उरलं तर भिजायचं, नाही तर आभाळाकडे बघायचं. त्यामुळे वाटणाऱ्याचा हात कधी चुकायचा नाही; पाणी वाया गेलं तर त्याचंच जायचं. आणि त्यामुळेच ते काम कुणाला नको असायचं. म्हणून नियमाला दुसरं अंग होतं. सभेनं ज्याला नेमलं त्याला नाही म्हणता येत नाही, सभा सोडवेल तेव्हाच सुटका. मधेच सोडलं तर त्याच्या रानाची पाळी वर्षभर बंद. बाबा तरुण होते, नुकतंच लग्न झालं होतं, तेव्हा त्यांना नेमलं, आणि सोडवायचं गावाला पुढं आठवलंच नाही. आमचा गहू दरवर्षी सगळ्यांपेक्षा वीतभर बुटका. आई म्हणायची, गावाला पाणी पाजतो आणि घरात घोटभर नाही. बाबा हसायचे. बुटक्या गव्हाची त्यांना लाज नव्हती, उलट थोडा ताठाच होता. रस्त्यानं जाताना लोक म्हणायचे, बघा, पाटकऱ्याचं रान आहे.

मग आडत्या आला. म्हणजे तो गावातलाच, पण बाजारात आडत चालवून मोठा झाला आणि परत आला. मुखाशी त्याची जमीन. तिथं त्यानं संत्र्याची बाग लावली. एका कोरड्या साली त्यानं गोदामात सभा बोलावली आणि भाषण केलं. ते भाषण मी ऐकलं होतं, सुट्टीत आले होते. चांगलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. तो म्हणाला, सारखं वाटलं की सगळेच सारखे गरीब राहतात. पाणी कर्तबगाराला मिळालं पाहिजे. एकाची बाग पिकली की दहाजणांना काम, दहाजणांना काम की गावाची प्रगती. हा जुना नियम आळशांनी आळशांसाठी केला. टाळ्या वाजल्या. टोकाकडच्या लोकांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. त्यांना वाटलं, कर्तबगार म्हणजे आपणच.

समिती झाली, आडत्या अध्यक्ष झाला. हातांच्या खुर्चीत एकटा तो, बाकी गाव पोत्यांवर. बायका मागं त्याला खुर्चीच म्हणायच्या. खुर्ची आली, खुर्ची गेली. बाबांच्या हाती दांडा तेवढा राहिला. कुणाला सोडायचं ते अध्यक्ष सकाळी येऊन सांगे, आणि पहिलं नाव बागेचं असे. पाणी टोकापर्यंत पोचेना. शिव्या बाबांना पडायच्या, कारण चाक त्यांच्या हातानं फिरे. शासन कुणाचं आणि हात कुणाचा, हा फरक तहानलेल्या माणसाला दिसत नाही.

एके दुपारी टोकाच्या मावशीचं कांद्याचं रोप करपताना बाबांनी बघितलं. बागेची पाळी थोडी आवरून त्यांनी पाणी टोकाला जाऊ दिलं. रोप जगलं. दुसऱ्या दिवशी सभा बसली आणि अध्यक्षांनी त्याला चोरी म्हटलं. पाटकऱ्याला काढायचं, ज्यांना मान्य त्यांनी हात वर करा. आणि जो हात वर करणार नाही, तो चोरीत सामील धरला जाईल. ज्याच्या हाती ससा तो पारधी. पहिला हात टोकाच्या मावशीचा वर गेला. तिच्याच रोपाची गोष्ट होती, तिला सगळ्यात जास्त भीती. मग एकेक करत सगळे. लोहारकाकांचाही. काकूचा नवरा, म्हणजे बाबांचा सख्खा भाऊ, तोही.

बाबांनी दांडा टेबलावर ठेवला आणि घरी आले. पुढं ते कुणाशी फारसं बोलले नाहीत. एका सकाळी बांधावर कुदळीला टेकून बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आई म्हणाली, हृदय नाही, हात. ते मोजत बसायचे गं, डोळे मिटून, कुणाकुणाचा वर होता ते.

हे सगळं मला आईनं सांगितलं ते न रडता. मीही रडले नाही. मला त्या अध्यक्षाचं वाईट व्हायला हवं होतं, आणि ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. इतकं साधं होतं ते. पुस्तकात याला फार चांगले शब्द आहेत. मला त्यातला एकही लागला नाही.

गाळ निघाला आणि सभा बसली. पाटकरी कोण, हा प्रश्न होता. भाचा यायला तयार नव्हता, दुसरं कुणी पुढं होईना. मी उठले आणि म्हटलं, दांडा माझ्याकडे आहे, मी फिरवते. शाळेला कळवून रजा वाढवते.

कुजबूज झाली. अध्यक्ष खुर्चीत मागं रेलले. त्यांच्या आवाजात मध होता. "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला हे शोभेल का? पण आमची ना नाही. पाटकऱ्याच्या लेकीला गावानं सामावून घेतलं, असं होईल."

"एक अट आहे," मी म्हटलं. "जुना नियम परत हवा. पुरा. वाटणारा शेवटी घेईल, आणि सभेनं सोडवल्याशिवाय सुटणार नाही."

ते हसले. "म्हणजे तुमचंच रान शेवटी. बापासारखीच हौस दिसते. बघा हं, आम्ही जबरदस्ती केली म्हणाल."

"नाही म्हणणार. हात वर करून घ्या."

त्यांनी स्वतःचा हात आधी वर केला. खुशीतच केला. त्यांच्यामागं सगळे हात गेले. त्यांच्यामागं ते जायचेच. आई तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला माझा रागच आला होता, घरात पुन्हा बुटका गहू येणार म्हणून.

हात खाली आल्यावर मी विचारलं, "एक राहिलंच. उद्या कुणाचं रोप करपताना दिसलं, तर बाबांसारखं मी परस्पर पाणी देऊ शकते का?"

"अजिबात नाही." मध संपला. "त्याच खोडीसाठी त्यांना काढलं. कुणाला, कधी, किती, ते मी सांगणार."

"म्हणजे माझ्याकडे वाटणं नाही."

"तुमच्याकडे दांडा. मी सांगेन तसा फिरवायचा."

"पाणी वाटणार तुम्ही."

"मग काय तुम्ही?" ते गावाकडे बघत म्हणाले. काहीजण हसले.

"मग शेवटी तुम्ही घ्यायचं," मी म्हटलं. "आत्ताच ठरलं ना."

मग लोहारकाका खोकले. तो खोकला नव्हता, हसणं होतं, पण त्या वेळी त्याला खोकलाच म्हणणं शहाणपणाचं होतं. अध्यक्षांनी इकडं तिकडं बघितलं. मी त्यांना वाट दिली. ती द्यायलाच हवी होती, नाहीतर मजा नव्हती. मी म्हटलं, तुम्हाला शेवटी नको असेल तर तेही सोपं आहे. वाटणं तुमच्याकडे नाही असं सभेला सांगा. मग मी वाटते, मी शेवटी घेते. फक्त रोज सकाळी पाटावर यायचं नाही, हुकूम द्यायचा नाही.

त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते. ते उठले असते, तर बाग वाचली असती. पण चारचौघांत खुर्चीतून उठायचं म्हणजे नाक कापून द्यायचं. एवढ्या वर्षांत त्यांना नाकापेक्षा मोती जड झाला होता.

"घेतो शेवटी," ते म्हणाले. "मोठ्या मनाचा माणूस आहे मी." आणि टाळ्या वाजल्या. यावेळीही टोकाकडच्यांनीच जोरात वाजवल्या, पण आवाज निराळा होता.

त्यांना वाटलं असेल की नियम बोलायचा असतो, चालवायचा वेगळा. पहिल्याच आठवड्यात ते सकाळी आले आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, आज बागेला सोडा. मी विचारलं, सगळ्यांचं भिजलं का? ते म्हणाले, ते बघू नंतर. मी दांडा चाकातून काढून कडेवर धरला. तेवढ्यात मागं फावडी वाजली. ज्यांची त्या दिवशी पाळी होती ते आणि ज्यांची उद्या होती ते, दोन्हीकडचे लोक काठावर येऊन उभे राहिले. पूर्वीही हेच लोक होते आणि हेच अध्यक्ष होते. पण तेव्हा प्रत्येकजण एकेकटा त्यांच्या दयेवर होता. आता प्रत्येकाची पाळी त्यांच्या आधी होती, आणि त्यांना पुढं घुसू दिलं तर प्रत्येकाचं जाणार होतं. कर्तबगारीवर जे भाषण त्यांनी केलं होतं, ते त्या सकाळी कुणाला आठवलं नाही. त्यांनाही नाही.

त्या वर्षी वरच्या धरणातच पाणी कमी. दाराशी कमरेइतकं येणारं पाणी गुडघ्याला आलं, मग घोट्याला. माती चार बोटं खोल भेगाळली, वाऱ्यात तोंडभर धूळ यायची. अशा दिवसात मी पाणी सोडायची आणि ते बागेच्या कुंपणाला अंग घासत खाली जायचं. संत्र्याच्या झाडांची मुळं त्याचा वास घेत असतील. पानं आधी गुंडाळली, मग पिवळी झाली, मग उन्हात खडखडायला लागली. मी रोज बघायची. दार उघडून झाल्यावर मुद्दाम कुंपणाजवळून घरी जायची, आणि रस्ता लांब पडायचा तरी जायची.

आमच्या रानाला मात्र पहिल्यांदाच वेळेवर पाणी मिळालं. मी फक्त दांडा फिरवणारी, शेवटची नव्हते. गहू आईच्या छातीला लागला. ती त्यात उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांनी कधी बघितला नाही असा." मग एक ओंबी हातावर चोळत म्हणाली, "झाडांनी काय केलं होतं गं?"

"वाळल्याबरोबर ओलंही जळतं, आई."

"त्यांना हे आवडलं असतं?"

"नाही," मी म्हटलं.

टोकाच्या मावशीचं रान भिजलं त्या दिवशी ती धावत दाराशी आली. पायांना चिखल, डोळे भरलेले. म्हणाली, "पोरी, त्या दिवशी माझा हात..."

"बांधाकडे जा मावशी," मी म्हटलं. "पाणी फुटेल."

ती उभी राहिली. मी चाकाकडे बघत राहिले. शेवटी ती गेली. एका माणसाची बाग वाळवायची तर हात वर केलेल्या सगळ्यांची रानं मला आपल्या हातानं भिजवावी लागत होती. काकाचं रान भिजवलं, लोहाराचं भिजवलं, हिचंही. सूडाचं हे अंग मला कुणी शिकवलं नव्हतं. पण त्यासाठी हात आखडला असता तर नियम मोडला असता, आणि नियम मोडला की बाग वाचली असती. म्हणून चोख भिजवलं, थेंब इकडचा तिकडे न करता.

बागेची पाळी यायच्या आत वरचं पाणी बंद झालं. त्याच्या आदल्या दिवशी अध्यक्ष भर दुपारी दाराशी आले, एकटे. चपला काढून काठावर बसले. मला नवल वाटलं, त्यांचा गुडघा दुखत होता. माणसाचा गुडघा दुखतो हे मी त्यांच्या बाबतीत धरलंच नव्हतं.

ते म्हणाले, "ताई, तुमच्या बाबांच्या नावाची पाटी लावतो इथं. दगडात कोरून. 'प्रामाणिक पाटकरी' लिहू. सभा घेऊ, कुणी मोठा माणूस वरून बोलावू."

"लावा की," मी म्हटलं. "सावली पडेल."

"आणि एक रात्र पाणी."

"सगळ्यांचं भिजलं का?"

त्यांनी दुखरा गुडघा दाबला. मग म्हणाले, "बाप गेला म्हणून झाडांवर काय उठलात. मी काही मारलं नाही त्यांना. सभेनं काढलं."

"तुम्हालाही सभेनंच ठेवलंय," मी म्हटलं.

हंगाम संपल्यावर त्यांनीच सभा बोलावली. बागेतली निम्मी झाडं सरपणाला गेली होती, उरलेली पुढच्या पाण्यावर जगतील अशी होती. त्यांचं भाषण छोटं झालं. प्रकृती बरी नसते, तरुणांनी पुढं यावं, बायकांनी पुढं यावं. ताईंनी वर्षभर असं काम केलं की गावाचे डोळे दिपले. आता वाटणंही ताईंनीच करावं, मी आनंदानं बाजूला होतो. माझं इतकं कौतुक माझ्या शाळेतही कुणी केलं नव्हतं. लोक माझ्याकडे बघायला लागले. काकू तर हात वर करायच्या बेतात होती.

मी उठले. म्हटलं, मी शाळेतली बाई, मला वाटण्यातलं काय कळतं. मी दांडाच बरा फिरवते. पण एक सांगते. यंदा इतकी टंचाई असून प्रत्येकाच्या रानाला मापानं पाणी मिळालं. टोकाला मिळालं. असं गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. ते कुणामुळं झालं? अध्यक्षांनी शेवटी घेतलं म्हणून झालं. इतका चोख वाटणारा गावाला परत मिळायचा नाही. त्यांना सोडवू नये असं मला वाटतं.

लोहारकाका या वेळी उघड हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "खरंय. अध्यक्षांशिवाय आहे कोण आम्हाला?"

अध्यक्ष म्हणाले, "नाही नाही, मला खरंच..."

"नाही म्हणता येत नाही," मागून कुणीतरी आठवण करून दिली. अगदी आदरानं.

हात वर गेले. कुणी कुणाकडे बघितलं नाही, बघायची गरज नव्हती. बागेत मजुरीला जाणाऱ्यांचे गेले, भाच्याचासुद्धा गेला, कारण त्याच्या नावावर खाली थोडं रान होतं. मी माझा हात वर केला तेव्हा अध्यक्ष माझ्याकडेच बघत होते. मी नजर काढली नाही. छातीत काहीतरी सैल होईल असं मला वाटलं होतं. झालं नाही. पण बरं वाटलं. ते नाकारणार नाही.

घरी जाताना आई म्हणाली, "आता तरी शाळेत जाशील?"

"पुढची पाळी बघून जाते."

पाणी सुटलं त्या सकाळी थंडी होती. अध्यक्ष शाल गुंडाळून दाराशी आले. काठावर पाळीवाले फावडी टेकून उभे होते. बागेतली उरलेली झाडं कुंपणापलीकडे धूळ पांघरून उभी होती. मी दांडा चाकात बसवला.

"आज कुणाला सोडू?" मी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे."

"वाटणाऱ्यानं तोंडानं सांगावं लागतं."

त्यांनी बागेकडे पाठ केली आणि खालच्या रानांची नावं एकेक करून घ्यायला सुरुवात केली. त्यांचा आवाज बसला होता. मधे एक नाव मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी ते परत घ्यायला लावलं.